खांबावरची बाई

सांस्कृतिक भवनासमोर कोंबड्यांची गाडी आली आहे, अंड्यावर येण्याच्या बेतातल्या तांबड्या तलंगा आहेत, खोकी ज्याची त्यानं आणावीत, असं खांबावरचा भोंगा सांगत होता, आणि पावाच्या दुकानाच्या पायरीवर उभा असलेला गेझा मनाशी म्हणत होता, ही म्हातारी कोण? तसा हा प्रश्न काही फार मोलाचा नव्हता. पाव अजून गरम होता, कागदातून हाताला ऊब लागत होती, समोरून ट्राम वळत होती. म्हातारी बोलत होती. तिच्या आवाजाला खरखर होती, वाक्याच्या सुरुवातीला तो घसा साफ केल्यासारखा घासायचा आणि शेवटाला पोचेपर्यंत त्यातला दम संपायचा. गेझाला तिची थोडी कीवही आली. मग त्याच्या ध्यानात आलं की या वस्तीत भोंग्यावर एकच बाई बोलते, गेली कित्येक वर्षं तीच बोलते आहे, आणि ती आपली बायको आहे. त्यानं आजूबाजूला बघितलं. आपल्या मनात आलेलं कुणाला ऐकू गेलं की काय, असं उगीच त्याला वाटलं.

"काय शेजारी, घेताय का तलंगा?" खालच्या मजल्यावरची पॉलीना पिशवी हलवत आली. "बाल्कनीत पाळा. अंडी मला द्या."

"बघू," गेझा म्हणाला.

"तुमच्या ओत्काला सर्दी झालीय वाटतं."

"हो. थोडीशी."

"थोडीशी कसली हो, मागच्या ईस्टरपासून आहे. लिंबू-मध द्या तिला. नाहीतर प्लमची दारू द्या सरळ, घसा तरी सुटेल, नाहीतर बाई तरी खुलेल." आणि पॉलीना स्वतःच्याच विनोदावर हसत दुकानात शिरली. गेझा घराकडे चालू लागला. वाटेत आणखी दोन खांब होते आणि दोन्हींवरून तलंगांची सूचना दुसऱ्यांदा येत होती, एकीच्या मागून एक, जरा अंतरानं, त्यामुळे म्हातारी स्वतःलाच वेडावून दाखवते आहे असं वाटत होतं. त्याला लाज वाटली. सकाळी त्याच बाईबरोबर त्यानं चहा घेतला होता. तिनं विचारलं होतं, पाव कुठला आणशील, आणि तो म्हणाला होता, नेहमीचा. तेव्हा तर तिच्या आवाजात काही नव्हतं. म्हणजे असणारच. पण घरात आवाज ऐकायचा नसतो, त्यातलं काम तेवढं उचलायचं असतं.

गेझाचा सगळा जन्म पोलादाच्या कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची देखभाल करण्यात गेला होता, आणि अशा माणसाला कुठलीही गोष्ट बिघडली की आधी तार तपासावीशी वाटते. त्यानं भोंग्यावर आळ घेतला. वस्तीच्या कचेरीतून शिडी मागून आणली, तीन खांबांवर चढला, भोंग्याच्या तोंडातली चिमण्यांची घरटी काढली, पडदे पुसले, तारांची टोकं घासून पुन्हा आवळली. खालून जाणारे येणारे म्हणत होते, वा, निवृत्त होऊनही कुणीतरी काम करतंय. दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणाऱ्याची सूचना आली आणि भोंगे निर्दोष ठरले. म्हातारी आता अधिक स्पष्ट ऐकू येत होती.

हे सगळं इथंच थांबलं असतं, कारण गेझाला गोष्टी तशाच ठेवून द्यायची चांगली सवय होती. पण वस्तीच्या सभेत कुणीतरी उठून बोललं. ओत्का त्या संध्याकाळी घरी आली, अंगातला कोट न काढताच बटाटे सोलायला बसली आणि म्हणाली, "लोकांना समजत नाही म्हणे मी काय बोलते ते. अध्यक्ष यंत्र आणायचं म्हणतायत. आपण नुसतं टाइप करायचं, वाचायचं काम त्याचं. त्याला सर्दी होत नाही."

"मग तू काय करायचं?"

"मी टाइप करायचं." सालीची लांब पट्टी भांड्यात पडली. "वाढदिवसाची गाणीसुद्धा तेच लावणार. आता बघ, ब्लाझेक आजोबांचं गाणं कुठलं, ते यंत्राला काय ठाऊक? पहिलं कडवं सोडून लावायचं, कारण त्यात बायकोचं नाव येतं आणि आजोबा रडतात. ते यंत्राला कुणी सांगायचं?" मग तिनं सुरी खाली ठेवली. "खरं सांग गेझा. वाईट लागतो का रे माझा आवाज?"

तिनं इतक्या वर्षांत तो बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. बोलताना ती कचेरीतल्या त्या कोंदट खोलीत असायची, खिडकी बंद, आवाज येऊ नये म्हणून दाराला जाड घोंगडी लावलेली. सगळ्या वस्तीला ठाऊक असलेली ही एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती. दोन उत्तरं गेझाच्या तोंडाशी आली. त्यातलं एक बोलायला त्याला जमण्यासारखं होतं. "अँप्लिफायर बिघडलाय," तो म्हणाला. "मी बघतो." ओत्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला इतकं हायसं वाटलं की बटाटे तसेच टाकून ती कोट काढायला उठली. एका खोट्यानं माणूस एवढा हलका होतो, याची गेझाला मौज वाटली आणि भीतीही.

गेझानं मागवलेला इक्वलायझरचा, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी वेगळी कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा, सुटा संच टपालानं आला. कागदी खोक्यात एक हिरवा सर्किट बोर्ड, दहा सरकती बटणं, रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या छोट्या पुड्या, आणि चेक भाषेतलं माहितीपत्रक, ज्यात शेवटी लिहिलं होतं की धीर धरा. इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला एकेक कोंडवाडा होता, लाकडी पट्ट्यांचं दार, आत बटाटे, बरण्या, जुनी स्की. तिथं फळीवर गेझानं कापड अंथरलं. डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं पिस्तूल त्याच्याकडे कारखान्यात लागल्यापासूनचं होतं, चाप ओढला की तांब्याच्या तारेचं टोक तापायचं आणि पिस्तूल हातात हळूच गुरगुरायचं. राळेची डबी उघडली. राळेचा धूर नाकात गेला की गेझा कुठल्याही वयाचा व्हायचा. तो बोर्डावर वाकून रेझिस्टरचा एकेक पाय भोकातून ओवत होता, मागून वाकवत होता, डाग देत होता, उरलेली तार कापत होता, आणि कापलेला तुकडा टिकदिशी कुठंतरी उडत होता. हे काम त्याला आवडत होतं. यात कुणाच्या मनाला लागत नव्हतं. एक कपॅसिटर उलटा बसला तेव्हा त्याला राग आला नाही, उलट बरंच वाटलं, कारण ती चूक दिसत होती, काढता येत होती, आणि काढल्यावर ती झाली होती हे कुणाला कळणारही नव्हतं.

पहिल्यांदा जोडून बघितलं तर नुसती गुणगुण. ट्रान्सफॉर्मर बोर्डाच्या फार जवळ होता, तो दूर नेला, तारांना पत्र्याच्या डब्याची भिंत घातली, गुणगुण गेली. मग त्यानं टाकून दिलेला एक भोंगा आणला आणि बटाट्याच्या पोत्याकडे तोंड करून मांडला, कारण आवाज नीट करायचा तो कुठल्या तोंडातून बाहेर पडणार आहे ते धरूनच करायला हवा, हेडफोनवर गोड लागलेलं खांबावर गोड लागत नाही. भोंग्याला खर्ज कळत नाही आणि अगदी वरचं बारीकही कळत नाही. दहा बटणांपैकी पाच-सहांनाच काय ते काम होतं. बाकीची शोभेला होती, पण ती न लावली तर गेझाला झोप आली नसती. ओत्काला त्यानं सांगून ठेवलं होतं की तपासायला आवाज लागेल, म्हणून तिनं एका कॅसेटवर भराभर सूचना वाचून दिल्या होत्या: पाणी बंद राहील, मोकाट कुत्री, दफन दुपारी, बटाटे आले आहेत. अधेमधे ती हसली होती आणि म्हणाली होती, पुरे ना रे एवढं?

तो कॅसेट लावी आणि अंगठ्यानं बटण सरकवी. मधल्या एका पट्टीत ती खरखर राहत होती. ती खाली ओढली की आवाज मऊ व्हायचा, पण मग शब्दच वितळायचे, सूचना लापशीसारखी व्हायची. तिच्या वरची पट्टी थोडी उचलली की शब्दांना पुन्हा कडा यायच्या. तिच्या खालची किंचित उचलली की आवाजाला अंग यायचं. एकीकडे ओढावं तर दुसरीकडे उसवायचं. गेझा तासन्‌तास तिथं बसायचा. पोत्यावर आदळून येणारी बायको हळूहळू तरुण होत होती आणि त्यात त्याला वावगं काही वाटत नव्हतं. मोजायला उपकरण नव्हतं, पण आठवण होती. त्याच्या मनात एक आवाज पक्का होता. लग्नानंतरचा पहिला वसंत, गावाबाहेरच्या बागेत तो फळझाडांच्या बुंध्यांना चुना लावत होता, हातात कुंचला, मनगटावरून चुना कोपरापर्यंत ओघळलेला, आणि टेकडीखालच्या खांबावरून ती बोलली होती. काय बोलली ते आठवत नव्हतं. आवाज गोल होता, जरासा ओलसर, वाक्याच्या शेवटी पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. कुंचला तसाच धरून तो उभा राहिला होता. आपलं लग्न झालं आहे ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा त्याच्या अंगात शिरली होती. त्याला फार सुख झालं होतं. असं सुख त्याला आयुष्यात फारदा झालं नव्हतं, म्हणून त्यानं ते नीट जपून ठेवलं होतं, आणि आता तळघरात बसून तो एकेक बटण त्या सुखाशी जुळवत होता. एका संध्याकाळी ते जुळलं. मोकाट कुत्र्यांची सूचना ऐकताना त्याच्या कोपराला चुन्याचा ओला गारवा जाणवला. त्यानं अंगठा उचलला आणि बटणं हलू नयेत म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली.

यंत्र आणायचं मग बारगळलंच. डबा कचेरीतल्या मांडणीवर, मायक्रोफोन आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जाऊन बसला, आणि पहिल्याच दिवशी रस्त्यावर माणसं थबकली. पॉलीनानं जिन्यात ओत्काला गाठलं. "नवी पोरगी कोण गं ठेवलीय? छान बोलते. तुला काढलं का?" ओत्का हसून हसून कठड्याला टेकली. "मीच गं ती. गेझानं दुरुस्त केलं."

"तुला?"

"अँप्लिफायरला, बये."

"मग मलाही ने म्हणावं एकदा तळघरात," पॉलीना म्हणाली, "गुडघे तपासायचेत."

अध्यक्षांनी गेझाचा हात हातात घेऊन हलवला. कामावर जाणाऱ्यांना सकाळची सूचना ऐकायला मिळत नाही, आता एवढं सुरेख ऐकू येतंय तर ती ध्वनिमुद्रित करून संध्याकाळीही लावू, असं त्यांनी ठरवलं. ओत्का घरात गुणगुणू लागली. तिनं केस कापून घेतले. ब्लाझेक आजोबांच्या वाढदिवसाला तिनं त्यांचं गाणं लावलं, पहिलं कडवं सोडून, आणि आजोबांनी कचेरीत केक पाठवला. गेझा जेवताना तिच्याकडे बघायचा. ती बोलायची तेव्हा तोंडातून तीच खरखर यायची, आता त्याला ती फार स्पष्ट ऐकू येत होती, आणि तो मनात म्हणायचा, उद्या सकाळी खांबावर ठीक होईल.

संध्याकाळची सूचना पहिल्यांदा लागली तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात होती. खिडकी उघडी होती, ओत्का ओट्याशी कोबी चिरत होती. भोंगा खरखरला, गाण्याची दोन ओळींची सुरावट झाली आणि खांबावरची बाई म्हणाली, सन्माननीय नागरिकहो. ओत्काची सुरी थांबली. गेझा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. हसू कधी येतंय याची तो वाट पाहत होता, आणि स्वतःशी कबूल करायला हरकत नाही, थोडी शाबासकीचीही. बाईनं पाणी बंद राहण्याची वेळ सांगितली, ती पुन्हा सांगितली, आभार मानले. ओत्कानं हात पुसले आणि ती त्याच्यासमोर खुर्चीवर बसली.

"ही हेर्मिना आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"हेर्मिना रे. माझ्या आधीची. मी वर्षभर तिच्या मांडीला मांडी लावून शिकले, मला कळत नाही होय? शब्द माझे आहेत, दम माझा आहे, चुकलेय ती जागासुद्धा माझीच आहे. वर कातडं तिचं घातलंयस."

"काहीतरीच," गेझा म्हणाला. "तू लग्नानंतर अशीच बोलायचीस. मला चांगलं आठवतंय. मी बागेत चुना लावत होतो, पहिल्याच वर्षी, आणि तू..."

"पहिल्या वर्षी मी खाली नावनोंदणीच्या खिडकीत होते, गेझा. मग पोर झालं, मग घरी होते. भोंग्यावर मी त्यानंतर आले."

तो बोलायला गेला आणि थांबला. कारण त्याला आता दुसरंच काही आठवलं, आणि ते आठवणीपेक्षा जड होतं, ते त्यानं खांद्यावर वाहिलं होतं. ओत्का भोंग्यावर बसली त्याच आठवड्यात कचेरीतला काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मोडीत काढला होता. कपाटाएवढं धूड, गेझा आणि आणखी एकजण ते जिन्यावरून खाली आणताना भिंतीचा पोपडा निघाला होता. त्या व्हॉल्व्हमधून आवाज गोल व्हायचा, ओलसर व्हायचा. नव्या यंत्रातून तसा तो कधीच आला नाही. ओत्काचा आवाज त्या व्हॉल्व्हमधून एकदाही गेला नव्हता. म्हणजे बागेत, कुंचला हातात धरून, ज्या आवाजानं आपलं लग्न झाल्याचं त्याला कळलं, तो आवाज लहानपणापासून त्याला शाळेची सुटी आणि वडिलांच्या दफनाची वेळ सांगणाऱ्या, पायात लोकरी मोजे घालून फिरणाऱ्या, दाढेला लवंग धरणाऱ्या हेर्मिनाबाईंचा होता. तिच्यावर त्याचं प्रेमबिम काही नव्हतं. तेवढं असतं तर बरं, असं त्याला वाटलं, निदान सांगण्यासारखं काही झालं असतं. पण बायकोचा तरुणपणीचा आवाज म्हणून इतकी वर्षं जपलेलं होतं ते तिचं नव्हतंच, आणि तिचं जे होतं ते शोधायला तो मनात खाली खाली गेला तर तिथं काही सापडेना. नावनोंदणीच्या काचेपलीकडचे ओठ दिसत होते. निळा ब्लाउज दिसत होता. ती काय म्हणत होती तेही आठवत होतं, शिक्का दुसऱ्या खिडकीत मिळेल. पण ते आठवत होतं छापलेलं असावं तसं. त्याला आवाज नव्हता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "तू कशी बोलायचीस ते."

ओत्का रडली नाही. तिनं टेबलावरचा कोबीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "मला वाटलं होतं, लोकांनाच ऐकू येत नाही," ती शेवटी म्हणाली.

"मी उद्या तो डबा काढून आणतो."

"मुळीच आणू नकोस. लोकांना समजतंय. माझं काम राहिलंय. खांबावर बोलू दे तिला."

"मग तू आत्ता बोल," गेझा म्हणाला. त्याच्या आवाजात कधी नव्हे ती घाई होती. "इथं बोल. मी ऐकतो."

"काय बोलू?"

"काहीही. ज्यात काही काम नाही असं."

ती जरा अवघडली. मग बोलू लागली. लेवोचा गावी असलेल्या बहिणीविषयी बोलली, तिचा गुडघा, तिचा हट्टी जावई ज्यानं घराला रंग निवडला तो भोपळ्याचा, जिना चढताना ती आता मध्ये बसते, बसायला उशी घेऊन जाते. गेझा ऐकत होता. वाक्य सुरू होताना आवाज घासत होता. लांब स्वरावर तो फाटत होता आणि फाटीतून नुसती हवा येत होती. मध्येच, जावयाची नक्कल करताना, तो अचानक स्वच्छ लागत होता. मग पुन्हा ती खरखर. ती कुठल्या पट्टीत आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले, म्हणजे नीट ऐकू येईल. खोलीत कोबीचा वास होता. बहीण म्हणाली होती की गुडघा कापायचा असेल तर आधी, आणि इथं ओत्का वाक्याच्या मधोमध थांबली.

त्यानं डोळे उघडले. ती त्याच्या हाताकडे बघत होती. टेबलावरच्या मेणकापडावर त्याचा अंगठा, त्याच्या नकळत, हळूहळू मागं सरकत होता. बोटभर सरकला, थांबला, आणखी जरासा सरकला.

"वाढवतोयस की कमी करतोयस?" ओत्कानं विचारलं.

गेझानं हात मांडीवर घेतला. खोटं उत्तर या वेळीही तोंडाशी होतं. "कमी," तो म्हणाला, कारण ते खरं होतं.

तिनं मान डोलावली. ती चिडली असती तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. तिनं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं, पण आवाज असा खाली नेला की ओठ तेवढे हलताना दिसत होते, बहिणीचा गुडघा, डॉक्टर, कुठलीशी तारीख, आणि गेझाला काही ऐकू येत नव्हतं. तो पुढं वाकला. कोपर टेबलावर टेकून आणखी वाकला. ती त्याच्याकडे बघत बोलत राहिली आणि आवाज तिनं चढवला नाही. बहिणीच्या गुडघ्याचं पुढं काय झालं ते कळायला गेझाला उठून, टेबलाला वळसा घालून, तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसावं लागलं.